लाखात चाळीस दाणे

३ मार्च
नवे साहेब आले! अणुभट्टीची चित्रं काढण्यात उभी हयात गेली, इंधन मात्र कधी हाताळलेलं नाही. आज हात मागे बांधून आमच्या प्रयोगशाळेत फिरले. मी इंधनाचे दाणे दाखवले – खसखशीएवढे; पोटात युरेनियम, वर कार्बन, त्यावर सिलिकॉन कार्बाइडचं टणक कवच, वर पुन्हा कार्बन. म्हणाले, "वा, गोंडस आहेत." गोंडस! हजार अंशांवर तापायचेत ते, पाळण्यात नाही घालायचे.

६ मार्च
नव्या बॅचची चाचणी. बाहेरचा कार्बन जाळला, दाणे गरम नायट्रिक आम्लात ठेवले. कवच धड असेल तर आम्लात युरेनियम उतरत नाही. उतरलं! लाखात चाळीस दाणे फुटके. चालतात दोन-तीन. लेप चढवताना तापमान घसरलं होतं, तेव्हाच मी ओरडले होते. ऐकतंय कोण!

९ मार्च
बैठक. साहेब म्हणाले, "लाखात चाळीस म्हणजे काहीच नाही हो बाई." मी म्हटलं, "मग ते चाळीस खिशात घेऊन हिंडा." सगळे हसले, साहेब सोडून. मग म्हणे आम्लच खराब असेल. आम्ल! उद्या एखादा फिटर भट्टीच्या नळ्या दुरुस्त करायला आत उतरेल, आणि या दाण्यांतून निसटलेलं किरणोत्सारी सीझियम तिथे बसलेलं असेल. त्याला सांगा म्हणावं, आम्ल खराब होतं.
आणि आमची मौनी! बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर बसलीय, भेगांचे फोटो तिनेच काढलेत. बैठकीत तोंडातून ब्र नाही. अशांमुळेच साहेबांचं फावतं.

१० मार्च
जेवताना मौनीला विचारलं, "गप्प का बसलात?" म्हणते, "बोलायला तुम्ही होतात ना." शेळपट!

१२ मार्च
बॅच मंजुरीचा कागद निघालाय. माझी आणि मौनीची सही हवी. आईला सगळं हातवारे करून सांगितलं – साहेबांची नक्कलसुद्धा केली. आई म्हणाली, "ते झालं. पण तू करणार काय आहेस?"
"बघच तू!"

१३ मार्च
डोकं दुखतंय. आज काही लिहीत नाही.

१६ मार्च
बॅच रद्द. मौनीनं सही केली नाही. साहेबांनी तासभर समोर बसवून घेतलं. तिनं टेबलावर फोटो मांडले आणि "नाही" एवढंच म्हणाली.
मी सही तेरा तारखेलाच केली. साहेबांनी दार लावून घेतलं, म्हणाले, "विभागाचं प्रमुखपद तुम्हालाच द्यायचं चाललंय." पेनसुद्धा त्यांचंच होतं.
मौनीनं कागद पाहिलाय. दुपारी नेहमीसारखीच दारात आली – "चला, जेवायला येताय ना?"
गेले.