न धुतलेले बूट

खांदेश्वर, सोमवार

आशुतोष,

आज पोलिसांनी तुझे रग्बीचे बूट मागितले, म्हणून लिहिते आहे. सहा वर्षं प्रत्येक मॅचनंतर ते मीच धुतले, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवले, म्हणून टिकले. दिवाळीत त्यांवर रक्त होतं. "मॅचमधलं आहे गं, आई," म्हणालास. त्या आठवड्यात मॅच नव्हती, तरी मी धुतलं.

काल त्याच बुटांनी तू खाली पडलेल्या गीतांजलीच्या तोंडावर लाथा घातल्यास. तुझ्या बायकोचा जबडा मोडला. बूट दारात काढून पळताना ओरडलास, "आई, बूट धुऊन ठेव!"

मी बादली भरली. बुटांच्या तळाच्या खिळ्यांत तिचे केस अडकले होते. मी पाणी मोरीत ओतलं.

तुझी आई

पोलिसांना दिले: रग्बीचे बूट, एक जोड, नऊ नंबर, न धुतलेले.