मंजूर माणसं पाच

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. दोन बॅगा, आईची शिवणाची पेटी आणि टिल्लू. टिल्लू माझा धाकटा भाऊ. वय चाळिशीला टेकलेलं, अंग असं की अरुंद दारातून तिरपं होऊन यावं लागतं, पण पाळण्यात पडलेलं नाव आता कोण बदलणार? बुद्धीनं तो सहा-सात वर्षांचाच राहिला. स्वभावानं माझ्यापेक्षा कितीतरी बरा.

घर बैठं आहे, ऊन भरपूर, मागे अंगण. एकट्यानं राहणं जमत नाही अशी पाच मोठी माणसं इथे राहतात आणि मी त्यांची नवी व्यवस्थापिका. मालकीणबाई मुलाखतीतच म्हणाल्या, की भावालाही घेऊन या, एवढ्या घरात एक माणूस कुठेही मावेल. मी शांतपणे आभार मानले आणि बाहेर येऊन रस्त्यात रडले.

आई गेल्यावर त्याला काही महिने सरकारी आश्रमात ठेवावं लागलं होतं, मोठं घर म्हणतात त्याला. परत आणला तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि कुणी नुसता हात उचलला तरी तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. तिथे पुन्हा नाही. काही झालं तरी नाही.

५ फेब्रुवारी

माणसं गोड आहेत. चित्रकलेचे मास्तर रोज नव्यानं माझी ओळख करून घेतात आणि दर वेळी भेटून आनंद झाला म्हणतात. शिंपीणकाकूंना माझ्या बाहीची शिलाई बघवत नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत, ते फक्त एकमेकांशी बोलतात, तेही भांडायला. चाकाच्या खुर्चीतल्या आजी सगळ्यांवर हुकूम सोडतात. टिल्लू त्यांची खुर्ची ढकलतो, म्हणून त्याच्यावर जरा कमी.

संध्याकाळी दिवे लागले की स्वयंपाकीणबाई पॅसेजच्या टोकाला उभी राहून एकेकाला हाक मारते आणि ज्यानं त्यानं आपल्या खोलीतून ओ द्यायची. माणसांची मोजणी करा असं नियमात आहे, त्याची ही इथली घरगुती तऱ्हा. शेवटी टिल्लूलाही हाक मिळाली. स्वारी काय खूश!

लहानपणी आई खाऊसाठी त्याला हाक मारायची आणि मी लबाड, त्याच्या आधी ओ देऊन मोकळी व्हायचे. आई हसून म्हणायची, ज्यानं ओ दिली त्याची हाक. टिल्लू बिचारा उघडलेलं तोंड मिटून घ्यायचा. तो नियम त्याच्या डोक्यात अजून पक्का आहे. एका हाकेला एकच ओ.

१० फेब्रुवारी

पुढच्या महिन्यात तपासणी. त्यावर घराचं प्रमाणपत्र ठरणार, म्हणून नियमावली घेऊन घरभर फिरते आहे. खुर्ची जाईल एवढं दार हवं. औषधांचं कपाट कुलुपात. नळाचं पाणी हात भाजेल इतकं कढत नको. न्हाणीघरात धरायला दांडा. मला हे नियम आवडतात. प्रत्येकामागे कुणीतरी कधीतरी भाजलेलं, घसरलेलं, कोंडलेलं असणार.

पॅसेजच्या शेवटी चादरींची खोली आहे. खिडकी नाही, आणि दाराला कडी बाहेरून. ती मी सुताराकडून आजच काढून घेतली. माणूस आत जाऊ शकतो अशा कुठल्याही दाराला बाहेरून कडी चालत नाही. स्वयंपाकीणबाई हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. म्हणाली, बरं केलंत, फार उशीर झाला पण बरं केलंत.

एक गोष्ट मात्र खटकली. या घराला मंजूर माणसं पाच. टिल्लू सहावा. मालकीणबाई म्हणतात, तपासणी पार पडू दे, मग सहाव्याचा अर्ज करू.

१६ फेब्रुवारी

टिल्लूची बिस्किटं चादरींच्या खोलीत सापडली, ओळीनं मांडलेली. म्हणाला, मावशीसाठी आहेत. कोण मावशी, तर आत बसलेली. ती बोलत का नाही, तर तिला हाक येईपर्यंत बोलायचं नाही. मग मार की हाक, म्हटलं. त्यानं मान हलवली. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणाला.

मला हसू आलं. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःहून जोडलेली ही पहिलीच मैत्रीण.

२१ फेब्रुवारी

आज हाकांच्या वेळी मी पॅसेजमध्ये होते. टिल्लूची ओ आली, हाका संपल्या. आणि त्यानंतर चादरींच्या खोलीतून कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. आता आपलं नाव येणार म्हणून माणूस घेतो ना, तसा. मग तो श्वास तसाच हळूहळू सोडलेला ऐकू आला.

दार उघडलं. चादरी, उशा, बिस्किटं. स्वयंपाकीणबाईनं माझ्याकडे बघितलंच नाही.

२४ फेब्रुवारी

स्वयंपाकीणबाईच्या खनपटीला बसून विचारलं. रडत रडत सांगितलं तिनं.

मालकीणबाईंच्या सासूबाई घर चालवायच्या तेव्हा इथे एक बाई जास्तीची होती. पाचांच्या वरची, म्हणून सगळे तिला वरचीच म्हणत. खरं नाव एकट्या सासूबाईंना ठाऊक. तपासणीच्या दिवशी तिला चादरींच्या खोलीत बसवलं, हाक मारीन तेव्हाच बोल असं बजावलं आणि बाहेरून कडी लावली. तपासनिसांना निरोप देता देता सासूबाई फाटकातच कोसळल्या. दवाखाना, धावपळ. त्यांची वाचा गेली ती गेलीच, पुढे त्याही गेल्या. स्वयंपाकीणबाई तेव्हा दुपारपुरती यायची, तिला वाटलं वरचीला कुणी नातेवाइकांनी नेलं असेल. घरातल्या प्रत्येकाला तसंच वाटलं. दार उघडलं ते कितीतरी दिवसांनी, चादरी हव्या होत्या म्हणून.

वरचीनं एकदाही दार ठोठावलं नव्हतं. सांगितलेलं ऐकत बसली होती.

१ मार्च

मालकीणबाई म्हणतात, तपासणीपुरतं टिल्लूला चादरींच्या खोलीत बसवा. मी नाही म्हणाले. मग जास्तीचा माणूस म्हणून त्याची नोंद होईल आणि त्याला मोठ्या घरात नेतील, म्हणाल्या. काकांना फोन केला, त्यांच्याकडे पाहुणे आहेत. मैत्रिणीला केला. तिनं उचलला नाही.

आता कडी नाही. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, मी हाक मारणार आहे. असं स्वतःला सांगते आहे.

४ मार्च

तपासणी झाली. चोख, म्हणाल्या तपासनीस बाई. प्रत्येक दार आतून उघडतं म्हणून माझं खास कौतुक केलं. हाका ऐकायच्या म्हणाल्या. पाच हाका, पाच ओ. घरात आणखी कुणी आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही.

भिंत पातळ आहे. त्याला ऐकू गेलं असणार.

त्या गेल्या तशी धावले आणि दाराबाहेरूनच हाक मारली. टिल्लू!

ओ आली. बाईची. घोगरी, आनंदानं फुटलेली.

दार उघडलं. टिल्लू जमिनीवर बसला होता. तोंड उघडलेलं. कोपऱ्याकडे बघितलं त्यानं, आणि तोंड मिटून घेतलं.

५ मार्च

उठत नाही. बोलत नाही. हात धरून ओढला तर मांडणीला घट्ट धरून बसतो. मीच सांगितलं होतं, हाक येण्याआधी बाहेर पडलास तर मोठ्या घरात नेतील.

किती हाका मारल्या. दर वेळी त्याचं तोंड उघडतं. दर वेळी ती आधी.

६ मार्च

पाणीसुद्धा ओठांवरून खाली जातं. माहीत असलेली सगळी बायकांची नावं घेऊन बघितली. आईचंही. कोणत्याच नावाला ती ओ देत नाही. आत बसवलेल्या माणसाच्या नावालाच देते.

तिच्यावर रागावताही येत नाही. किती वाट बघितली तिनं.

७ मार्च

डॉक्टर येऊन गेले. उद्या गाडी येणार. इस्पितळ, आणि तिथून मोठं घर. माझी सही नसली तरी.

ज्यानं ओ दिली त्याची हाक. आई नुसतं म्हणायची, शिकवलं मी त्याला हे. खाऊसाठी.

७ मार्च, संध्याकाळ

आत बसले आहे, त्याच्या शेजारी. दार किलकिलं. वही गुडघ्यावर. स्वयंपाकीणबाईला सांगितलं आहे — पाच झाल्या की आधी माझी हाक, लगेच टिल्लूची. माझी तिनं घ्यावी. ती त्यात गुंतली की त्याची त्याला राहील.

हात गार पडलाय त्याचा. राजा माझा.

पाच झाल्या.

माझी —

घेतली. अगदी कानाशी. हसली बहुतेक.

आता टिल्लूची. तोंड उघडतोय. दे रे, दे —

ओ! त्याची. त्याचीच. उठला. दारातून तिरपा होऊन गेला. स्वयंपाकीणबाई रडते आहे, पाणी दे म्हणतोय तो. पाणी मागतोय.

मीही उठते —

पाय उचलत नाहीत. हाक आली नाही ना मला. आली ती —

टिल्लू वळला. दारात उभा आहे. माझ्याकडे बघतोय पण नजर पोचत नाही. ताई, म्हणतोय. ताई —

ओ गेली. मी नाही दिली.

पुन्हा मार, टिल्लू. एकदाच. या वेळी मी आधी —