किल्ली माझ्याकडे आहे

अहो,

गाडीची किल्ली शोधू नका, माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात निघतेय, तोंडावर सांगायचा धीर होत नाही. आज बालवाडीची बस तुम्ही चालवणार नाही, तसा फोन केलाय मी. रागवा हवं तर. देवदाराचे पराग उडायला लागल्यापासून शिंकांच्या गोळ्या दोन-दोन घेताय. पाकिटावर ठळक लिहिलंय, झोप येते, गाडी चालवू नये. डॉक्टरांकडे पायी जा, दुसरी गोळी मागा. मिसो सूप गॅसवर आहे.

काल पुलावर तुमचे डोळे मिटले. मी स्टिअरिंग ओढलं, तरी गाडी कठड्याला घासली. घरी येईपर्यंत तुम्ही गप्प. मला वाटलं, लाज वाटली असेल.

सकाळी कचरा टाकून आलात आणि मलाच विचारलंत, "तोमोए, गाडी कुठे घासलीस गं?"