चित्र तीनमधली दुसरी ओळ

५ मे, सोम., म्हसावद
अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. शिलाई मशीनला हात लावायचा नाही, म्हणून दुकानात बसून कारागिरांची शिलाई बघतात आणि नाक मुरडतात. डोळ्यात थेंब घालायचं काम माझं, दिवसातून चारदा.
पेपर स्वीकारला गेला! छपाईआधीचं शेवटचं वाचन शुक्रवारपर्यंत. गाइड मॅडमचा पुण्याहून फोन. "शबाना, चित्र तीनच तुला पीएचडी मिळवून देणार." चार वर्षं त्या दोन ओळींत गेली. साधा सूक्ष्मदर्शक दोनशे नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवत नाही; आम्ही पेशीतल्या तंतूवर तीस नॅ.मी. अंतराच्या दोन ओळी दाखवल्या. रंगाचा लुकलुकणारा एकेक रेणू टिपून, वीस हजार फ्रेम्स एकावर एक रचून. लिहितानाही छाती फुगते.

६ मे
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अब्बांना चित्र तीन दाखवलं. बराच वेळ बघितलं. दुकानाची सवय, अहिराणीतच म्हणाले, "हाई दुहेरी शिलाई नई शे, बेटा. कपडा सरकना."
म्हणे, शिवताना कापड सरकलं! मी हसले. ते नाही हसले. स्क्रीनवर एका ओळीवरून दुसरीवर नख नेत, "दख. आठे वाक शे, तठेबी वाक. आठे टाका सुटना, तठेबी सुटना. दोनदा शिवं तं टाकाले टाका असा जुळस का कधी?"
दोन्ही ओळींत तेच वाक, त्याच जागी सुटलेला टाका, म्हणे. चिडले. रेणू म्हणजे दोरा नव्हे, म्हटलं. मुद्दाम थेंब अर्धा तास उशिरा घातले. लाज वाटते आता.

७ मे
अब्बांचं बोलणं डोक्यातून जाईना. फ्रेम्सचे दोन भाग केले. पहिल्या दहा हजारांत एकच ओळ. पुढच्या दहा हजारांतही एकच. फक्त तीस नॅ.मी. उजवीकडे.
म्हणजे दुसरी ओळ नाहीच. तीच ओळ, सरकलेली.
कारणही सापडलं. तासभराच्या चित्रणात काचपट्टी थोडी हलतेच, म्हणून काचेवर सोन्याचे बारीक मणी चिकटवतो. मणी जितका हलला तितकं फ्रेममधून वजा. मी एकच मणी धरला, सगळ्यात चमकदार. तो मधेच उखडून बाजूला चिकटला. बाकीचे मणी, म्हणजे काच, जागेवरच, पण मी पुढचं सगळं चित्र सरकवून ठेवलं.
खूण समोर होती, हे जास्त लागलं. त्याच चित्रणातल्या आडव्या तंतूंत दुसरी ओळ दिसलीच नव्हती; आडवी ओळ उजवीकडे सरकली तर स्वतःवरच पडते. 'कोन बरोबर नाही' लिहून ते वगळले. मीच.

८ मे
मंद दिसणारे तीन मणी धरून पुन्हा रचलं. वीस नॅ.मी. रुंदीचा एकच पट्टा. आत एक ओळ असेल, जवळजवळच्या दोन असतीलही. तंतूला रंग चिकटवणारा दुवा, ती अँटिबॉडीच पंधरा नॅ.मी. लांब. तंतू कुठे, रंग कुठे. आमची पद्धत इथे थांबते.
गप्प बसले तर कुणाला कळणार? जेवताना हेच डोक्यात. संध्याकाळी मॅडमना सगळं लिहिलं, दोन्ही अर्धी चित्रं जोडून.

९ मे, शुक्र.
नऊला मॅडमचा फोन. म्हणाल्या, "पेपर मागे घेते. तो मणी मीही तपासला नव्हता." आणि शेवटी, "मग ओळी किती? एक की दोन?"
"सांगता येत नाही, मॅडम."
फोन ठेवून रडले. शिष्यवृत्ती ऑगस्टपर्यंतच आहे. अब्बांना सगळं सांगितलं. त्यांना जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही. "मंग उसवी टाक," म्हणाले. मग, "कापड तं चांगलं शे ना?"
माझं कापड, म्हणजे नमुन्याच्या काचपट्ट्या, पुण्याच्या फ्रीजमध्ये आहेत. त्यांचा रंग टिकला असेल की नाही, गेल्याशिवाय कळणार नाही. पुन्हा चित्रण करायला सोमवारच्या गाडीने निघते. थेंब कसे घालायचे ते अम्मीला दाखवलं.