एका मुलीला दोन कॉलेजांचं कुंकू

मु. पो. बीबी,
जून १९६५

तीर्थस्वरूप रमाकांतराव यांस गोपाळचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? अकोल्यात नळाला पाणी येतं का? (हे सगळं मनापासून विचारतो आहे, पण उत्तर वाचायला मी शुद्धीवर असेन की नाही, याची खात्री देत नाही.) आपली बहीण शारदा बरी आहे. आपली भाची शरयू मॅट्रिक पास झाली, हे कळलंच असेल. नापास झाली असती तर मी आज सुखात असतो. बापानं असं लिहू नये, पण लिहितो.

त्याचं असं झालं. आमच्या गावात मोठी माणसं दोन. किसनराव माझे घरमालक आणि पंजाबराव माझ्या शाळेचे अध्यक्ष. म्हणजे डोक्यावरचं छप्पर एकाचं आणि ताटातली भाकर दुसऱ्याची. दोघांचं एका सभेत हारावरून बिनसलं (आधी कोणाच्या गळ्यात, एवढंच) आणि त्या रागात दोघांनी एकेक कॉलेज काढलं. पूर्वी माणसं भाऊबंदाच्या रागात विहीर खणायची, तिला निदान पाणी तरी लागायचं. आता नागपूरहून विद्यापीठाची मंडळी पाहणीला येणार. त्यांना बाकांवर पोरं दाखवायला हवीत आणि एखादी मुलगी दाखवता आली तर कॉलेजाचं वजन वाढतं म्हणे. गावात यंदा मॅट्रिक झालेली मुलगी एकच, आणि तिचा बाप मी.

सोमवारी किसनरावांच्या मनकर्णाबाई आल्या. शरयूला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओंजळीत नारळ दिला आणि मला टोपी घातली. मला वाटलं, पास झाल्याचं कौतुक असेल. टोपी डोक्यावर नीट बसल्यावर बाई म्हणाल्या की आता पोरगी आमच्या कॉलेजची झाली. दुसऱ्याच दिवशी पंजाबरावांच्या वच्छलाबाई तेवढंच सामान आणि वर एक खण घेऊन हजर. अध्यक्षांच्या बायकोला दारातून परत कसं पाठवणार? मी दुसरीही टोपी घालून घेतली. आपल्याकडे कुंकू लागलं, नारळ घेतला, की शब्द गेला. नारळ परत करणं म्हणजे सोयरीक मोडणं. दोन्ही नारळ देवापुढे ठेवले आहेत. शारदा त्यांना हात लावू देत नाही. फोडला की होकार पक्का, असं तिचं म्हणणं.

शेवटी ठरवलं की दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी पाहावी आणि एकाला हो म्हणून मोकळं व्हावं. शरयूला सायन्स हवं आहे. लहानपणापासून तिचं एकच, डॉक्टरीण व्हायचं. किसनरावांचं कॉलेज कापसाच्या जुन्या जिनात आहे. आत अजून रुई उडते. प्राचार्य शिंकत शिंकत बाहेर आले. सायन्सचं विचारलं तर किसनराव म्हणाले, सायन्स पुढल्या साली, तवर पोरीले मराठी घेऊ द्या, मराठीनं कोणाचं नुकसान होत नाही. पंजाबरावांच्या धर्मशाळेतल्या कॉलेजात मात्र सायन्सची खोली निघाली. फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. (वच्छलाबाईंच्या लोणच्याच्या. एकीत अजून खार होता.) बाकीचं सामान कुठं आहे, असं मी भीत भीत विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "बेंडकं पावसाळ्यात लय भेटतेत, मास्तर. ते काही नागपुराहून आणा लागत नाही."

परतीच्या वाटेवर शाळेचा शिपाई कारभारी भेटला आणि चारचौघांत विचारता झाला की मास्तर, पोरगी कोणच्या घरी देऊन राह्यले? दोन घरी कुंकू झालेल्या मुलीची कथा मेहकरला पोहोचली आणि तिथलं एक बरं स्थळ, आम्ही विचारायच्या आधीच, नको म्हणून गेलं. शरयूला त्याचा आनंद झाला, हे मला मुळीच आवडलं नाही. मी चिडून म्हणालो, काय ते एक ठरव. ती शांतपणे म्हणाली, "कॉलेजाले मी पाह्यजे का मले कॉलेज पाह्यजे, एवढं तरी कोणी इचारलं का, बाबा?"

(मास्तराची मुलगी 'मले' म्हणते, हे दुःख वेगळं.)

तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जिन म्हटलं तर नोकरी जाते, धर्मशाळा म्हटलं तर घर जातं, आणि कुठलंही म्हटलं तरी मुलीची डॉक्टरी जाते. शारदेनं कोपऱ्यात एक वळकटी बांधून ठेवली आहे. विचारलं तर म्हणाली, उन्हाळ्याचं बिस्तर आहे. अशा वेळी हिला बिस्तर सुचतं. मी हरलो आहे, रमाकांतराव. दोहोंपैकी कुठलं कॉलेज कमी वाईट, तेवढं आपण कळवावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गोपाळ

ता. क. सल्ला नको. खरं ते लिहितो. आपणच या. बारशालाच भाची शिक्षणासाठी मागून ठेवली होती, असं गावात चारचौघांत सांगा आणि तिला कुंकू लावा. मामाच्या मानापुढे किसनराव काय, पंजाबराव काय, दोघांचंही तोंड बंद. तिला अकोल्याच्या सायन्स कॉलेजात घाला. ती आपल्या घरात ओझं होणार नाही. भाकरी उत्तम करते, बोलते मात्र फार.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना शारदेनं पाहिलं. म्हणाली, कशाला तिकीट वाया घालवता, दादाले मी केव्हाच लिहिलं, तो शनिवारी येऊनच राह्यला. वळकटी शरयूची आहे. मग मला इतके दिवस उपाशी काऊन ठेवलं, असं विचारलं, तर म्हणते, तुम्ही मले इचारलंच कुठं?

ता. क. तिसरा. पत्र तरी टाकतोच आहे. येताना नारळ आणू नका, घरात दोन आहेत. तिला घेऊन निघालात की ते मी फोडीन. आणि एस.टी. सुटेपर्यंत माझ्याकडे पाहू नका. मी दोन्ही टोप्या घेऊन येणार आहे. एकीनं डोळे पुसून भागेल, असं वाटत नाही.