मृत्युपत्र, फवारणीच्या पंपाच्या कलमासह

माझे पूर्ण नाव आणि पत्ता वकीलबाईंनी वर टाइप केला आहे, तो पुन्हा लिहीत बसत नाही. मी, 'दोघी जावा हिरवळ सेवा' या धंद्याची मालकीण, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दबाव आणायला घरात आहे कोण? मुलगा परगावी असतो आणि फोनवर बहुतेक वेळ मीच बोलते. डॉक्टर म्हणतात, अजून बरीच वर्षे काढाल. गुडघे मात्र तसे म्हणत नाहीत, म्हणून हा कागद आत्ताच करते. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. राहते घर मुलाला द्यावे. अट एकच, पुढची हिरवळ उपटून तिथे फरशी घालायची नाही. त्याला गवताच्या वासाने शिंका येतात हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी कामावरून आले की तो माझ्यापासून चार हात लांब बसून अभ्यास करायचा. त्याने खिडकी लावून घ्यावी.

कलम दुसरे. बँकेतली ठेवही त्यालाच. मात्र त्यातून आधी कामावरच्या सहाजणींना जाड तळव्याचे बूट घ्यावेत. सुरुवातीची चार वर्षे मी चपला घालून गवत कापले. माझ्या टाचांची अवस्था डॉक्टरांनी पाहिली आहे.

कलम तिसरे. हत्यारे. इंजिनाची दोन्ही मशीन आमच्या मशीनवालीला. पंधरा वर्षे ती कामावर आहे आणि मशीन चालू करताना ती काय पुटपुटते ते मी कधी विचारलेले नाही. कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याने कडा कापायची कात्री 'दोन दिवसांसाठी' नेली, त्याला सात वर्षे झाली. ती त्यालाच देऊन टाकते. यापुढे मला पाहून त्याने दुकानात आत जाऊ नये.

पहिले ढकलमशीन मात्र कोणी भंगारात घालू नये. माझे यजमान गेले आणि त्याच वर्षी दिरांचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी आणि धाकट्या जाऊबाईने ते जुन्या बाजारातून आणले. ते ढकलत आम्ही रस्त्याने निघालो, तर शेजारीपाजारी गंमत बघायला दारात आले. या दोघींचे स्वयंपाकघरात पटत नाही, धंद्यात काय पटणार, असे बोलणारेही त्यात होते. पहिले गिऱ्हाईक एक निवृत्त हेडमास्तर. आम्ही पाते इतके खाली लावले की अंगणाला जागोजागी टक्कल पडले. सर बाहेर आले.

"हे गवत कापलंय की भादरलंय?"

मी घाईने पाते वर घेऊ लागले. धाकटी म्हणाली, "सर, आज पहिलाच दिवस आहे आमचा. पंधरा दिवसांनी येऊ, तोवर वाढेल ते."

सरांना हसू आवरेना. ते शेवटपर्यंत आमचे गिऱ्हाईक राहिले. नऊ वर्षांत चाळीस घरे, दोन शाळा आणि एक वाचनालय आमच्याकडे आले. माणसे आणि मशीन मी सांभाळायचे, माती ती. मातीत बोट घालून ती सांगायची, "ताई, हिला पाणी नकोय, हवा हवीय." ते कधी चुकले नाही.

कलम चौथे. धंदा. अर्धा मशीनवालीला, अर्धा धाकट्या जाऊबाईला. ती बावीस वर्षांपूर्वी धंदा सोडून गेली. असे असूनही तिला हिस्सा का, हे पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे. वकीलबाई म्हणाल्या, "हे असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारले, "मग कुठे लिहितात?" त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला, म्हणून लिहिते.

आमच्याकडे पाठीवरचे दोन पंप होते, एक तणनाशकाचा, एक पातळ खताचा. एका सोमवारी तणनाशकाचा पंप गळत होता, म्हणून मी खताच्या पंपात तणनाशक भरून शाळेच्या फरशीतले गवत मारले. पंप न धुता जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी धाकटीने विचारले, "ताई, पंप स्वच्छ आहे ना?" मी चहा पीत होते. मान वर न करता हो म्हणाले. तिने त्यात खत भरून आमच्या जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंच्या हिरवळीवर मारले. आठवड्याने अख्खी हिरवळ पिवळी पडली, आणि चार दिवसांनी त्यांच्याकडे शंभर पाहुणे यायचे होते. ते पिवळे गवत बघताक्षणी मला सोमवार आठवला. डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "हिचं हल्ली लक्षच नसतं कामात."

चूक माझी होती. धाकटीचे लक्ष कायम होते. तिने हातमोजे काढून पायरीवर ठेवले आणि ती निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिच्या अंगणात आमच्या कोणत्याही गिऱ्हाइकापेक्षा सरस हिरवळ आहे. मी रोज मुद्दाम तिथून जाते.

कलम सहावे, आज लिहिलेले. पाचवे कलम माझ्यामागे वाचले जावे, असा माझा विचार होता. वकीलबाईंनी विचारले, "म्हणजे त्यांनी तुमच्याशी भांडायचंही नाही?" ते मला फार लागले. आज सकाळी त्यांना बरोबर घेऊन मी धाकटीकडे गेले आणि फाटकात उभी राहून ते कलम वाचले. ती उकिडवी बसून तण काढत होती.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "हिरवळ पिवळी पडल्यावर मी पंपाची नळी हुंगली होती, तणनाशकाचा वास येत होता. तुम्ही कधी सांगताय, तेवढंच बघत होते."

मला रडू आले. मी हिश्श्याचे बोलले, तर ती म्हणाली, "हिस्सा नको मला. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही."

"नको मिळू दे. माझ्या सहीशिवाय ते कलम राहता कामा नये."

मी वकीलबाईंना विचारले, "मेल्यावर देता येत नाही. जिवंतपणी दिलं तर?"

"ते तुमचं तुम्ही बघा," असे म्हणून त्या हसल्या.

सबब, कलम चारमधला धाकटीचा हिस्सा रद्द. भागीदारीचा वेगळा कागद आजच, याच पायरीवर केला आहे आणि त्यावर धाकटीनेही सही केली आहे. सोमवारी सकाळी सातला ती कामावर येईल. तिची अट अशी, की आधी दोघींनी डॉक्टरीणबाईंच्या दारात जायचे. "तिथं तुम्ही बोलायचं, मी नुसती ऐकणार." अट मला मान्य आहे.

लिहून देणार : थोरली जाऊ (सही)
स्थळ : धाकटीच्या घराची पायरी
दिनांक : महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा

साक्षीदार पहिली : वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरी : धाकटी जाऊ (सही). ताईंनी माझ्यादेखत सही केली. बावीस वर्षे उशिरा केली, पण केली.