ऐकलेला हुकूम

रत्नदादा,
सप्रेम जय भीम.

तू सुरतेला गेल्यापासून हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

त्या दिवशी घाटात दरड पडली आणि आपल्या बांधकाम खात्याच्या ऑफिसचा जेसीबी साहेबांच्या शेतात माती सपाट करत होता. रस्ता मोकळा झाला नाही, म्हणून दरडीपलीकडच्या आजारी रंगूबाईला दवाखान्यासाठी डोलीतून आणलं. ती वाटेतच गेली.

संध्याकाळी तूच म्हणालास, "दर्शे, तक्रार कर गो. मशीन मी चालवलं, माझं नाव आलं तरी चालंल. साहेबांनी तोंडी सांगितलं तेव्हा तू होतीस ना तिथं?"

होते. म्हणून तक्रार केली.

चौकशीत साहेब म्हणाले, ड्रायव्हरनं परस्पर मशीन नेलं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हुकूम तुम्ही ऐकलात?" साहेब समोरच बसले होते. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि सही त्यांचीच लागणार होती. तू दाराशी उभा होतास.

मी म्हटलं, "नाही ऐकला."

घरी येताना तू मला रोजच्यासारखं गाडीवर मागे बसवलंस. आठवड्याभरात तुला काढलं.

आता मी कायम झालेय. रोज त्याच साहेबांसमोर फाईल धरते. खरं उघड करायचं तर आधी मी चौकशीत खोटं बोलले असं लिहून द्यावं लागेल, मग नोकरी जाईल, आणि आईचं औषधपाणी माझ्याच पगारावर हाय.

रविवारी तुझा फोन येतो. तू आईला सांगतोस, "दर्शीला जप. तिनं तक्रार करायची हिंमत केली." आई फोन माझ्यापुढे धरते. मी हातानंच खुणावते, घरात नाय म्हणून सांग.

तुझी,
दर्शी